मागची भिंत

हमरापूरच्या दिनानाथला कुणाचं बरं झालेलं बघवत नाही, असं गावात कुणी म्हणणार नाही. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली तर पेढा खायला हा पहिला हजर. चुलतभावाने घरावर मजला चढवला तेव्हा स्लॅबच्या दिवशी घमेली उचलायला हाच होता. दिनानाथ जळतो तो जगात एकाच माणसावर, कान्हूवर. पण त्या एकावर तो इतका मनापासून जळतो की बाकीच्यांसाठी त्याच्याकडे काही उरत नसावं.

दोघांची सुरुवात एकाच कारखान्यात झाली. पेण-हमरापूरकडे कारखाना म्हटलं की तो गणपतीचा, हे काही सांगावं लागत नाही. दत्तात्रेयनानांचा कारखाना दिनानाथच्या घराला लागूनच होता. कान्हू खाडीकडच्या मिठागरवाल्यांचा, तो सायकल मारत यायचा. दिनानाथच्या हातात पहिल्यापासून कला होती. अठराव्या वर्षी नानांनी त्याला आखणीला बसवलं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. सगळं रंगकाम झाल्यावरचं हे शेवटचं काम, आणि ब्रश केसभर सरकला तर देव रागावलेला दिसतो, नाहीतर झोपाळलेला. कान्हूलाही नानांनी एकदा ब्रश दिला होता. त्याचे गणपती सगळे डावीकडे बघायचे, दाराशी कुणी आल्यासारखे. दिनानाथ ते डोळे पुसून पुन्हा काढायचा. शेवटी एक दिवस नाना सगळ्यांसमोर म्हणाले, "कान्हू, तू आपला रंग ढवळ." कान्हू हसला आणि रंग ढवळायला बसला. दिनानाथने ते वाक्य तीस वर्षं जपून ठेवलं आहे.

नानांची आणखी एक शिकवण होती आणि ती दोघांच्याही अंगात मुरली. मूर्तीच्या मागे जायला उठायचं नाही, पाट फिरवायचा. कारागीर मांडी घालून बसलेला, मूर्ती पाटावर. देवाची पाठ रंगवायची वेळ आली की पाट अर्धा फिरवायचा आणि पाठ समोर घ्यायची. जो उठला त्याला नाना विचारायचे, "देवाला प्रदक्षिणा घालतोस काय रे?" ही सवय इतकी खोल गेली की आजही जेवताना चटणी ताटाच्या पलीकडच्या कडेला पडली, तर दिनानाथ हात लांबवत नाही. ताट फिरवतो.

पुढे दिनानाथला त्याच्या हाताने रोह्याला नेलं. धाटावच्या एमआयडीसीच्या अलीकडे एक डिझाइन ऑफिस आहे. कंपन्यांचे प्लांट बांधण्याआधी त्यांची आखणी तिथे होते. त्यांना प्लांटची लहान मॉडेलं करणारा माणूस हवा होता. अ‍ॅक्रिलिकच्या टाक्या, तारेचे पाइप, काडीएवढ्या शिड्या. बावीस वर्षं दिनानाथ सकाळी पेणहून रोह्याची गाडी धरतोय आणि संध्याकाळी परत येतोय. मॉडेलरूमची किल्ली त्याच्या कमरेला असते. मुंबईचे साहेब यायचे, मॉडेलभोवती वाकून बघायचे आणि विचारायचे, हे कुणी केलं? तेवढ्या एका प्रश्नावर दिनानाथचा महिना निघायचा.

कान्हू मात्र रंग ढवळता ढवळता कारखान्यातून निघाला, आयटीआयला ड्राफ्ट्समन झाला, कॉम्प्युटर शिकला, बडोद्याला गेला, आणखी कुठे कुठे गेला. दिनानाथने त्याला जवळजवळ विसरायला घेतलं होतं. आणि दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी तो त्याच ऑफिसात येऊन बसला. ढेरी सुटलेली, केस गेलेले, पगार दिनानाथच्या दुप्पट. सोबत दोन कॉम्प्युटर आणि डोळ्यांवर चढवायचा एक काळा, जाडजूड चष्मा.

हा चष्मा लावला की माणूस अजून न बांधलेल्या प्लांटमध्ये उभा राहायचा. मान वळवली की पाइप दिसायचे, पाऊल टाकलं की जिना यायचा. ऑफिसातली पोरंसोरं, साहेब, चहा देणारी बायजाबाई, सगळे रांगेने चष्मा लावून आले. बायजाबाई तर तिथल्या तिथे साडी सावरत शिडी चढायला लागली. दिनानाथ तेवढा गेला नाही. आपल्याला चक्कर येते, असं त्याने सांगून टाकलं, न लावताच.

तेव्हापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलं नाही. बायजाबाई चहा आधी कुठल्या खोलीत नेते, पाहुणे आधी कुणाकडे वळतात, ऑफिसचे मुख्य प्रणितसाहेब कुणाच्या पाठीवर थाप मारतात, हे सगळं त्याला तोंडपाठ असायचं. घरी आला की बायकोपुढे तेच दळण. सरू गणपतीच्या दागिन्यांना खडे चिकटवत ऐकायची. एकदा ती म्हणाली, "इतका इचार तुमी माजा कदी केलाव नाय." दिनानाथला हसू आलं नाही.

मग ते अणुवीज प्रकल्पाचं काम आलं. किनाऱ्यावरच्या एका प्रकल्पात, अणुभट्टीच्या इमारतीतल्या एका खोलीत, जुना पंप काढून नवा बसवायचा होता. काम एरवी साधं, पण त्या खोलीत किरणोत्सर्ग. तिथे माणूस किती मिनिटं उभा राहणार हे आधी ठरवावं लागतं आणि मिनिटं संपली की हातातलं काम टाकून बाहेर यावं लागतं. तेव्हा सगळ्या कामाची आधी रंगीत तालीम हवी होती. कोण कुठून जाईल, कुठला बोल्ट आधी काढेल, कुठे किती वेळ लागेल. कान्हूने ती खोली चष्म्यात उभी केली. त्यात किरणोत्सर्ग जिथे जितका, तशी जमीन हिरवी, पिवळी, लाल अशी रंगवलेली, कोपऱ्यात मिनिटं मोजणारं घड्याळ आणि पांढऱ्या पोशाखातला एक माणूस पंप उघडताना दिसायचा. दिनानाथने तीच खोली अ‍ॅक्रिलिकमध्ये केली, विसाव्या हिश्शाची, फिरत्या टेबलावर.

प्रणितसाहेबांनी दोघांना बोलावून स्पष्ट सांगितलं. प्रकल्पाच्या इंजिनिअर मनस्वीमॅडम पुढच्या शुक्रवारी येतील आणि दोन्ही बघतील. त्यांना चष्मा पसंत पडला, तर यापुढे मॉडेलं बंद. मॉडेलरूम कान्हूला चष्मा लावून फिरायला मोकळी करून द्यायची आणि दिनानाथने स्टोअर सांभाळायचं. पगार तोच राहील, असंही ते म्हणाले, जणू दिनानाथचा जीव पगारात अडकला होता. त्याचा जीव त्या खोलीत होता. आणि ती जाणार होती कुणाला, तर रंग ढवळणाऱ्याला.

शनिवारी कान्हू मोठ्या पडद्यावर प्रणितसाहेबांना तालीम दाखवत होता. दिनानाथ दारात उभा राहून नाक मुरडत बघत होता. पंपाला सोळा बोल्ट, आठ पुढे, आठ मागे. पुढचे आठ निघाले, घड्याळात चार मिनिटं. मग पडद्यावरचा पंप सावकाश गोल फिरला, त्याची पाठ समोर आली आणि मागचे आठही चार मिनिटांत निघाले. प्रणितसाहेब मान डोलावत होते. दिनानाथच्या मात्र अंगावर काटा आला. पंप फिरतो कसा? पंप जमिनीत रोवलेला आहे. त्याच्या मागे भिंत आहे, कागदावरच्या नकाशात त्याने ती स्वतः मोजली होती. पंप आणि भिंत यांच्यामध्ये दीड फुटाला चार बोटं कमी, एवढीच फट. त्या फटीत शिरून, अंग तिरपं करून, मागचे आठ बोल्ट काढायला चार मिनिटं पुरणारच नाहीत. गाढवाने काम रचताना भिंत लपवून ठेवली होती आणि पंप फिरवून समोर घेतला होता. नानांच्या पाटासारखा. आणि भिंत परत लावायची राहून गेली होती.

सांगायची खरी वेळ तीच होती, हे दिनानाथला कळत होतं. पण तेव्हा सांगितलं असतं तर कान्हूने भिंत लावली असती आणि शुक्रवारी मिरवला असता. शुक्रवारीच सांगू, मॅडमसमोर, असं त्याने ठरवलं. त्या लाल जमिनीवर खरोखर कुणी उभा राहणार आहे, हा विचार एकदोनदा मनात आला. पण शुक्रवारपर्यंत तिथे कोण जातंय, असं म्हणून त्याने तो परतवला.

तो आठवडा दिनानाथचा फार सुखात गेला. कान्हूशी तो आपणहून बोलला. गाडीत गुणगुणला. पेण स्टेशनवर उतरून बाजारात गेला आणि सरूला जिलबी घेऊन आला. सरूने जिलबीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "कान्हूभावजी आजारी हायेत काय?" तिने विचारलं.

शुक्रवारी मनस्वीमॅडम आल्या, सोबत दोन माणसं. चाळिशीची बाई, कमी बोलणारी. चष्मा लावून तिने सगळी खोली पालथी घातली, वाकून बघितलं, हात वर करून बघितला. चष्मा काढला तेव्हा तिचा चेहरा खुललेला होता. प्रणितसाहेबांनी कान्हूच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचा आवाज ऐकला आणि दिनानाथ पुढे झाला.

"मॅडम, एक इचारतो," तो म्हणाला. "मागचे आठ बोल्ट काढायला माणूस उभा कुठं राहणार?"

दिनानाथने सगळं सांगितलं. मागे भिंत आहे, ती लपवली आहे, पंप फिरवून घेतला आहे, खरा पंप फिरत नाही. बोलताना त्याला स्वतःचा आवाज फार आवडत होता. आणि तिथे थांबावं की नाही? नाही थांबला. म्हणाला, "मॉडेलात असलं होत नाय. मॉडेल हाताने करावं लागतं. हात भिंतीला अडला की कळतं."

कान्हू पडद्याकडे बघत राहिला. त्याची मान, कान लाल झाले. दिनानाथने हा क्षण सहा दिवस मनात घोळवला होता आणि तो हुबेहूब तसाच झाला. मग कान्हू म्हणाला, "व्हय. ऱ्हायलीच ती." एवढंच. सबब नाही, सारवासारव नाही. तो खुर्चीत बसला, दोनचार बटणं दाबली आणि पडद्यावर भिंत आली. पांढऱ्या पोशाखातला माणूस मागे जायला निघाला आणि खांद्यापाशी अडकला. कान्हूने त्याला तिरपा केला, एका हाताने काम करायला लावलं, पुन्हा मोजलं. चाराची अकरा मिनिटं झाली. कोपऱ्यातलं घड्याळ तांबडं होऊन लुकलुकायला लागलं.

मॅडम रागावतील म्हणून दिनानाथ वाट बघत होता. त्या खुर्ची ओढून कान्हूच्या शेजारी बसल्या. "हे इथे सापडलं ते उत्तम झालं," त्या म्हणाल्या. "तिथे सापडलं असतं, तर त्या फटीतल्या माणसाने भोगलं असतं. हे असं बदलून लगेच बघता येतं, म्हणूनच तर आम्हाला हे हवंय." आणि चूक झटकन कबूल करणारी माणसं आपल्याला फार कमी भेटतात, असंही त्या कान्हूला म्हणाल्या. दिनानाथचा तिळपापड झाला. चूक कान्हूची, शोधली दिनानाथने आणि शाबासकी पुन्हा कान्हूलाच.

मग मॅडम उठल्या. म्हणाल्या, "आता तुमचं मॉडेल बघू. भिंतीसकट."

मॉडेलरूमकडे जाताना दिनानाथला एकदम आठवलं. भिंतीसकट. मॉडेलची मागची भिंत टेबलाच्या खणात होती. पंप बसवताना हात आत जाईना, म्हणून त्याने ती काढून ठेवली होती. टेबल फिरवायचं, उघडी बाजू समोर घ्यायची आणि काम करायचं, बावीस वर्षं तो असंच करत आला होता. पाहुण्यांनाही आतलं नीट दिसायचं, म्हणून भिंत परत लावायची आठवण कुणी कधी केलीच नव्हती. त्याचाही हात भिंतीला अडला नव्हता. त्यानेही पाटच फिरवला होता. फटीची मापं त्याला पाठ होती, पण मागचे बोल्ट काढताना त्या फटीत काय होतं, हे त्याने स्वतःच्या मॉडेलवर एकदाही करून बघितलं नव्हतं.

तो पुढे धावला असता, पण प्रणितसाहेबांनी दिवे लावायला कान्हूला आधीच पुढे पाठवलं होतं. दिनानाथ दारात पोचला तेव्हा कान्हू मॉडेलसमोर उभा होता. उघडी बाजू दाराकडेच होती. कान्हूने बघितलं. त्याला कळलं, हे दिनानाथला त्याच्या पाठीवरूनही दिसलं. आता हा वळेल आणि बोलेल, मीही तेच केलं असतं, असं दिनानाथच्या मनात आलं. कान्हूने एक बोट टेबलाच्या कडेला लावलं आणि टेबल अर्धं फिरवलं. उघडी बाजू पलीकडे खोलीच्या भिंतीकडे गेली. मग तो बाजूला होऊन उभा राहिला, दिनानाथकडे न बघता.

मॅडमनी मॉडेल बघितलं. सुबक आहे म्हणाल्या. पाइपांची वळणं, शिडीच्या पायऱ्या, सगळ्याला नावाजलं. हे कुणी केलं, असंही त्यांनी विचारलं. दिनानाथच्या कानात काही शिरत नव्हतं. नानांच्या कारखान्यात कान्हूचं चुकलेलं पुसून नीट करायचं काम त्याचं होतं. आज कान्हूने त्याचं पुसलं होतं. रंग ढवळणाऱ्याने आपली लाज झाकली, आणि आता रोज सकाळी त्याचं तोंड बघताना हे आठवणार, जन्मभर. स्टोअर सांभाळणं परवडेल, असं त्याला वाटलं. हे परवडणार नाही.

त्याने हात पुढे केला आणि टेबल परत फिरवलं.

"मॅडम, माजी पण भिंत नाय," तो म्हणाला. खण उघडून त्याने भिंत बाहेर काढली आणि दाखवली. "हात जाईना म्हणून काढलेली. आमी दोगं एकाच कारखान्यातले. पाट फिरवायची सवय."

पाट कसला, हे मॅडमना समजावून सांगावं लागलं. दिनानाथने सांगितलं, कान्हूने मध्ये भर घातली, नाना कसे ओरडायचे तेही निघालं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी भिंत हातात घेतली, खाचेत बसवली आणि फटीत बोट घालून बघितलं. बोट अडलं. दिनानाथ प्रामाणिक माणूस आहे, असं पुढे ऑफिसात बरेच दिवस बोललं गेलं. तो प्रामाणिक आहेच, पण त्या दिवशी तो प्रामाणिकपणामुळे बोलला नाही. कान्हूचा उपकार नको होता म्हणून बोलला. सरूला त्याने घरी हे खरं तसंच सांगितलं आणि ती म्हणाली, "बरं केलंव. कशानं का होईना."

मॉडेलरूम गेली. ती कान्हूला मिळाली, एसीसकट. पण दिनानाथ स्टोअरमध्ये बसला नाही. जाताना मॅडमनी विचारलं होतं की अकरा मिनिटं खरी कशावरून, आणि कान्हूच्या आधी दिनानाथच बोलून गेला होता. फट खऱ्या मापाची उभी करा आणि खरा माणूस घालून बघा. तेव्हा ऑफिसच्या मागच्या आवारातली पत्र्याची शेड त्याला मिळाली. तिथे त्याने प्लाय आणि लोखंडी अँगल घेऊन पंप उभा केला, खऱ्याएवढा, आणि त्याच्या मागे भिंत. ती त्याने सगळ्यात आधी उभी केली.

फटीत शिरायला माणूस हवा होता. कान्हूची ढेरी पहिल्याच दिवशी अडकली आणि बायजाबाईला चहा सांडेपर्यंत हसू आलं. म्हणून सडसडीत दिनानाथ प्लॅस्टिकचा पोशाख आणि मुखवटा चढवून स्वतः आत शिरायचा आणि कान्हू बाहेर मोबाइलवर वेळ लावून उभा राहायचा. पहिल्या दिवशी एकोणीस मिनिटं लागली. घामाने मुखवटा धुरकटला, पाना दोनदा पडला. कॉम्प्युटरची अकरा मिनिटं खोटी निघाली याचा दिनानाथला आनंद झाला, पण आपल्याला एकोणीस लागली याचा झाला नाही. मग तो रोज शिरू लागला. खालचे दोन बोल्ट आधी काढायचे, पाना मनगटाला दोरीने बांधायचा, वरचे चार डाव्या हाताने. बाराव्या दिवशी तो नऊ मिनिटांवर आला, घड्याळ तांबडं व्हायच्या आत. कान्हू प्रत्येक गोष्ट लिहून घेत होता आणि चष्म्यात घालत होता. प्रकल्पाची माणसं आधी चष्म्यात आणि मग शेडमध्ये शिकणार, असं ठरलं.

काम पुरं झालं त्या दिवशी कान्हू चष्मा घेऊन शेडमध्येच आला. "आज तरी लाव," तो म्हणाला. "आतला माणूस तुज्या मापाचा केलाय. उंची, हात, समदा तुजा."

चक्कर यायची सबब आता चालण्यासारखी नव्हती. दिनानाथने चष्मा चढवला. समोर खोली उभी राहिली, पंप आला, मागची भिंत आली. फटीत एक माणूस तिरपा उभा होता, पाना मनगटाला बांधलेला, डावा हात वर. ती खांदा चोरून उभं राहायची पद्धत त्याचीच होती. आपल्याला हे कधी करता आलं नसतं, हे त्याला स्वच्छ दिसलं आणि ते नेहमीच्याच जागी लागलं. तो आणखी जवळ गेला. मुखवट्याच्या काचेतून त्या माणसाचा चेहरा दिसत होता.

डोळे डावीकडे बघत होते. दोन्ही बुबुळं केसभर सरकलेली, दाराशी कुणी आल्यासारखी.

बाहेरून कान्हूने विचारलं, कसं वाटतंय, काही चुकलंय काय, आताच सांग म्हणजे नीट करतो.

दिनानाथने चष्मा काढून त्याच्या हातात दिला. "काय नाय," तो म्हणाला. "ब्येस झालंय."